सरजाबाईचे दोन हजार आठशे सोळा शब्द

बोरीच्या शाळेत दिनकररावांनी छत्तीस वर्षं कारकुनी केली. गावातली आणि आसपासच्या वस्त्यांवरची जी पोरं त्या काळात शाळेची पायरी चढली, त्यांची नावं दिनकररावांच्या हातानं जनरल रजिस्टरात चढली. अक्षर असं की तपासणीला आलेले साहेब आधी रजिस्टर मागवत, मग चहा. कोणी विचारलं, "बाबू, एवढ्या वर्षांत काय केलं?" तर ते म्हणत, "नावं लिहिली." त्या उत्तरात खंत नसे आणि फुशारकीही नसे.

त्यांचे नियम थोडेच होते, पण दगडावरच्या रेघेसारखे. नावाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' अशी खूण करायची नाही. सख्खे तीन भाऊ एकाच दिवशी दाखल झाले तरी बापाचं नाव तीनदा, पूर्ण लिहायचं. जुनं रजिस्टर संपलं की शेवटच्या पानावर दोन तिरप्या रेघा मारून 'बंद' लिहायचं, सही करायची आणि मगच नवं उघडायचं. आणि पक्की प्रत लिहून झाली, ताडून झाली, की कच्ची तिथल्या तिथं फाडायची. "दोन प्रती राहिल्या की दोन खरी होतात," ते म्हणत, "आणि दोन खरी झाली की भांडण."

त्यांची बायको सरजाबाई राणीसावरगावची. त्र्याऐंशी साली लग्न होऊन बोरीत आली. शाळेत कधी गेली नाही. मूलबाळ झालं नाही, त्याचं दोघांनी दुःख केलं असेल तेवढं केलं आणि मग तो विषय घरात कधी निघाला नाही. घर लहान, अंगण मोठं. पहाटे तांबडं फुटायच्या आत ते झाडून, सडा टाकून झालेलं असायचं. दिनकरराव डोळे चोळत बाहेर येत तेव्हा ओल्या मातीवर पहिली पावलं त्यांचीच उमटत.

एकदा तपासणीच्या दिवसांत त्यांना घरी यायला सलग चार दिवस उशीर झाला. पाचव्या दिवशी निघताना सरजाबाई म्हणाली, "आज तरी येरवाळी या. भाकर गार होती अन् मपलं डोस्कं गरम."

दिनकरराव उंबऱ्यातच थांबले. येरवाळी. त्यांची आई हा शब्द बोलायची. शाळेच्या भाषेनं घासून घासून त्यांच्या जिभेवरून तो कधी निघून गेला, त्यांना कळलंही नव्हतं. खिशात एक जुनी प्रश्नपत्रिका होती. तिच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी लिहून घेतलं.

"काय लिवायलाव?"

"तू आत्ता बोललीस ते."

"मी काय कलेक्टर हाय का?"

तिथून जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. शाळेच्या पुस्तकात ज्या शब्दाला जागा नाही तो कागदावर घ्यायचा, अर्थ लिहायचा आणि सरजाबाईनं तो ज्या वाक्यात वापरला ते वाक्य तारखेसकट उतरवायचं. 'मपलं, तुपलं' हे शब्द तिनं एकदा शेळीला सुनावले तेव्हा मिळाले : "पाला तुपला, पर लुगडं मपलं हाय, सोड." 'गुदस्ता' आणि 'अवंदा' एकाच दमात आले : "गुदस्ता आंबा मायंदाळ, अवंदा तोंडी लावायलाबी न्हाई." ती आधी लाजायची, मग चिडवायला लागली, आणि पुढं पुढं तर एखादा ठेवणीतला शब्द बोलून झाला की पदर सावरत विचारायची, "हे घेतलं का तुमी, का हुकलं?"

दोन हजार सोळा साली त्यांनी परभणीच्या एका दुकानातून जुना कॉम्प्युटर आणला. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हाच, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, ते तो शिकले होते. दुकानदारानं सांगितलं की मशीन एका कचेरीतलं, आतली डिस्क दुसऱ्या मशीनमधली, पण सगळं पुसून नवं विंडोज घालून दिलंय. दिनकररावांनी एक तक्ता आखला. चार रकाने : क्रमांक, शब्द, अर्थ, वाक्य. आणि तीस वर्षांचे कागद एकेक करून त्यात चढवले. चढवलेला कागद ताडून झाला की नियमाप्रमाणे फाडायचा. सरजाबाई ते कपटे गोळा करून अंगणातल्या चुलीत घालायची.

"मपल्याच बोलण्यावर मपला चहा उकळायलाय," ती म्हणायची. "असं कोन्या राणीचंबी झालं नसंल."

ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. तक्त्यात दोन हजार आठशे सोळा ओळी होत्या. त्याखाली पांढरं.

रोज दिवेलागणीला दिनकरराव कॉम्प्युटरवरचं कव्हर काढत. ते तिच्याच जुन्या पातळाचं, तिनंच शिवलेलं. तक्ता उघडून दहा ओळी मोठ्यानं वाचत. त्या घरात दिवसभरात जे काही बोललं जाई ते तेवढंच. मग कव्हर घालत आणि भाकरी खात.

पंचवीस सालच्या ऑक्टोबरात पडद्यावर एक सूचना यायला लागली की या विंडोजची देखभाल आता बंद होत आहे. दुसरा एखादा 'नंतर पाहू' वर बोट ठेवून मोकळा झाला असता. दिनकररावांनी आयुष्यात नोटीस कधी टाळली नव्हती. त्यांनी जिंतूरला धम्मशीलाला फोन केला.

धम्मशीला त्यांच्या शाळेतली. नववीत असताना शाळा सुटल्यावर दिनकररावांच्या टाइपरायटरवर बोटं बसवून गेलेली. आता जिंतुरात तिचा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास होता. ती म्हणाली, "काका, तुमचं मशीन नव्या विंडोजला झेपायचं नाही. पण फेकायचंही कारण नाही. विंडोज आहे तसं ठेवू आणि त्याच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी कार्यप्रणाली बसवू. एका घरात दोन बिऱ्हाडं. सुरू करताना विचारेल, कोणाकडं जायचं."

तिनं क्लासच्या एका मुलीबरोबर पेन ड्राइव्ह पाठवला आणि सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद. पहिली ओळ अशी : 'आधी तुमच्या फायलींची दुसरीकडे कॉपी काढा.' दुसरी : विंडोजमधला झटपट सुरू होण्याचा पर्याय बंद करा. तिसरी : विंडोज पूर्ण बंद करा. चौथी : पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा. पाचवी : 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा पर्याय येईल, तो निवडा.

दिनकररावांनी कागद तीनदा वाचला. दुसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं त्यांनी अक्षरशः केलं. पहिली ओळ मात्र त्यांच्या गळी उतरेना. पक्की प्रत एकच असते. त्यांनी त्या ओळीसमोर पेन्सिलनं बारीक टिंब दिलं, म्हणजे पाहिली आहे, आणि पुढं गेले.

तो मंगळवार होता, दुपारी पावणेतीनची वेळ. लिनक्सनं भाषा विचारली, त्यांनी मराठी निवडली. मग ते पान आलं जिथं पाचव्या ओळीतला पर्याय यायचा होता. तिथं तो नव्हता. तिथं लिहिलं होतं : 'या संगणकावर कोणतीही कार्यप्रणाली आढळली नाही.' आणि खाली एकच ठळक पर्याय : 'डिस्क पुसून टाका आणि बसवा.'

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात 'आणखी काही' असं होतं, त्यावर गेले. डिस्कचं चित्र म्हणून एक लांबच लांब पट्टी आली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाची होती आणि तिच्याखाली दोनच शब्द : 'मोकळी जागा'.

विंडोज नव्हतं. त्यातलं काहीच नव्हतं. रिकामं वावर.

दिनकररावांनी भिंतीतल्या बटणापर्यंत हात नेला आणि ते बंद केलं. पडदा काळा झाला. त्यांनी पेन ड्राइव्ह उपसला, कव्हर घातलं, कव्हराच्या कडा चारी बाजूंनी नीट खाली ओढल्या, आणि पलंगावर जाऊन बसले.

पुन्हा सुरू करून पाहायचं, एवढंच करायचं होतं. ते त्यांना समजत होतं. पण अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या कपाटामागं मातीची ओली रेघ दिसली होती तेव्हाही त्यांना समजत होतं. वाळवी. कपाटात वीस वर्षांची रजिस्टरं. दोन दिवस त्यांनी ते कपाट उघडलं नव्हतं. न उघडलेल्या कपाटात रजिस्टरं असतात. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा भुसा निघाला.

त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, कॉम्प्युटरसमोर बसले आणि कव्हराला हात न लावता उठले.

बुधवारी सकाळी त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाची सरलेल्या महिन्यांची पानं फाडून घेतली आणि त्यांच्या मोकळ्या जागांत आठवतील ते शब्द लिहायला बसले. पहिले शंभर भराभर आले. दुपारपर्यंत दोनशे. गुरुवारी संध्याकाळी तीनशे एकेचाळीसवर गाडी अडली. त्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. शब्द येत होते, अर्थ येत होता, वाक्यं येत नव्हती. 'उलसक' म्हणजे थोडंसं, हे आठवत होतं. ते कशाबद्दल म्हणाली होती, मिठाबद्दल, पाण्याबद्दल, की पाठीला लावायच्या तेलाबद्दल, ते जात्यात पडलेल्या दाण्यासारखं नाहीसं झालं होतं. आणि वाक्याशिवाय ती राहतच नव्हती. ती तीनशे एकेचाळीस शब्दांची यादी कोणाचीही असू शकली असती.

धम्मशीलाचा दोनदा फोन आला. त्यांनी घेतला नाही. घेतला तर ती पहिल्या ओळीबद्दल विचारणार होती.

ते अंघोळ करत होते, पण दुपारी. भाकरी करत होते, पण एकच आणि तीही अर्धी उरत होती. शेजारच्या घरात टीव्हीवर कोणीतरी सारखं हसत होतं.

शनिवारी सकाळी साडेआठला फाटक वाजलं. पलीकडच्या घरातली बायनाबाई होती, हातात झाकलेलं ताट. सरजाबाईची ही मैत्रीण. कापूस वेचायला दोघी एका ओळीनं जायच्या. सरजाबाई गेल्यावर ती येई, पण अंगणातूनच बोलून जाई.

"भावजी, जित्ते हाव का?"

दिनकरराव दारात आले. "आहे."

"आहे म्हनं. बगा जरा सोताकडं. अन् ह्या अंगणाकडं बगा. चार दिस झाले, दिस कासराभर वर आला तरी घर पारुसंच. सरजी बगती आसंल वरून, काय म्हनती आसंल?" तिनं ताट ओट्यावर ठेवलं. "धपाटे हायेत. आंग दुखायलंय का?"

"नाही. मशीन बिघडलंय."

"मशीन बिगडली म्हून मान्सानं बिगडावं का?"

बायनाबाईनं आत डोकावून पाहिलं. पलंगावर कालनिर्णयाची पानं पसरलेली, आणि मेजावर ते फुलाफुलांचं कव्हर. ते पातळ तिनं ओळखलं. तिचा आवाज उतरला.

"सरजीचं लिवलेलं त्याच्यात हाय, न्हवं?"

"होतं."

"गेलं का?"

"माहीत नाही."

"बगितलं न्हाई?"

"नाही."

ओसरीच्या कोपऱ्यातला खराटा बायनाबाईनं उचलला आणि कमरेत वाकून अंगण झाडायला लागली. झाडता झाडताच म्हणाली, "मपला मालक दवाखान्यात व्हता तव्हा मीबी तीन रोज बाहीरच बसले. आत जाऊन बगायची छाती न्हाई. चौथ्या दिशी गेले, तर म्हनतो कसा, कुटं मेली व्हतीस." ती हसली. "लय जगला त्येच्यानंतर. सा वर्सं. बगा, भावजी. न बगून काय व्हतंय?"

ती गेल्यावर दिनकररावांनी एक धपाटं खाल्लं आणि फोन हातात घेतला.

"जय भीम, काका. मी दोनदा लावला."

"हं. ऐक. तो पर्याय आलाच नाही." आणि त्यांनी जे दिसलं ते सगळं, वेळेसकट, सांगितलं. एकाच रंगाची पट्टी. मोकळी जागा. बंद केलेलं बटण.

"पुसायच्या बटणावर बोट नाही ना ठेवलं?"

"नाही."

"नक्की?"

"छत्तीस वर्षं मी न वाचता सही केली नाही."

"मग काका, विंडोज सुरू करून पाहिलंत?"

"नाही."

"कॉपी काढली होती ना?"

दिनकरराव अंगणाकडं पाहत राहिले. बायनाबाईच्या खराट्याच्या रेघा मातीवर ताज्या होत्या.

"काका?"

"नव्हती काढली."

"पहिलीच ओळ होती हो कागदावर."

"वाचली होती."

धम्मशीला रागावली नाही, तेच त्यांना जड गेलं. ती एवढंच म्हणाली, "कशाला हात लावू नका. उद्या रविवार आहे, सकाळच्या गाडीनं येते."

ती आली तेव्हा सव्वादहा झाले होते. दिनकररावांनी ओसरी पुसून ठेवली होती आणि स्टुलावर पाण्याचा तांब्या. ती पाणी प्याली, मग तिनं कव्हर काढलं, घडी करून पलंगावर ठेवलं, आणि पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं. दिनकरराव तिच्या मागं उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बसवायला जायचंच नाही अजून. नुसतं आत डोकावू," ती म्हणाली. लिनक्सचा पडदा आला. तिनं फायलींचं कपाट उघडलं. डाव्या बाजूला एक बारीकसं डिस्कचं चित्र होतं. तिनं त्यावर दोनदा टिचकी मारली. एक खिडकी उघडली, तीत एक फोल्डर, त्यात दुसरं, त्यात दिनकररावांच्या नावाचं. आणि त्यात एकच फाइल. तिचं नाव 'सरजा'.

दिनकररावांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"उघडू?"

ते हो म्हणाले असावेत, कारण तिनं उघडली. दोन हजार आठशे सोळा. त्यांनी शेवटची ओळ पाहिली, मग पहिली. धम्मशीलानं काही न विचारता खिशातून दोन रिकामे पेन ड्राइव्ह काढले आणि दोन्हींवर प्रत उतरवली. दिनकरराव तिच्या हातांकडं पाहत होते. त्यांनी अडवलं नाही.

"मग तिथं मोकळी जागा का दाखवत होतं?" त्यांनी विचारलं.

"तेच शोधते." तिनं एक काळी खिडकी उघडून काही अक्षरं टाइप केली, खाली आलेलं वाचलं आणि मान हलवली. "हे बघा, डिस्कवर कोणती जागा कोणाची याचा एक तक्ता असतो. तुमच्या डिस्कवर दोन आहेत. ही डिस्क आधी ज्या मशीनमध्ये होती तिथला जुना, वेगळ्या पद्धतीचा तक्ता. दुकानदारानं नवा तक्ता लिहिला, विंडोज घातलं, पण जुना पूर्ण पुसला नाही. त्याचे तुकडे राहिले. विंडोज नवा तक्ता वाचतं, त्याला काही अडत नाही. लिनक्स बसवणारा कार्यक्रम दोन्ही पाहतो, दोन्हींचा मेळ लागत नाही, म्हणून तो म्हणतो, मला इथं काहीच दिसत नाही."

दिनकरराव आता स्टुलावर बसले.

"म्हणजे जुनं रजिस्टर बंद न करता नवं उघडलं."

"तसंच."

"दोन तिरप्या रेघा," ते म्हणाले. त्या चार-पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जोर आला. "दोन रेघा मारायला आणि 'बंद' लिहायला किती वेळ लागतो? चौऱ्याण्णवला आमच्या एका मुख्याध्यापकांनी हेच केलं. जुन्यातही नाव चालू, नव्यातही चालू. एका पोराचे दोन दाखले निघाले, आणि पुढं भरतीला गेला तर ते म्हणाले, यातला तू कोणता? पोरगा तिथं उभा आहे आणि कागद म्हणतो नाहीच."

"मग मारा रेघा," धम्मशीला म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. "बसा इथं. तो विचारतोय, जुन्या तक्त्याचे अवशेष सापडले, पुसू का? हो असेल तर वाय दाबा."

"नवा नाही ना पुसला जायचा?"

"जुनाच. आणि प्रती दोन काढल्यात आता."

तरी त्यांनी पडद्यावरचं वाक्य बोट ठेवून, शब्द शब्द वाचलं, आणि समजलं नाही त्याचा अर्थ विचारून घेतला. मग दाबलं.

पुढचं सोपं झालं. बसवणारा कार्यक्रम पुन्हा सुरू केला तेव्हा पट्टी दोन रंगांची आली, आणि पाचव्या ओळीतला पर्याय जिथं यायचा तिथं आला : 'विंडोजच्या शेजारी बसवा'. धम्मशीलानं भिंत कुठं घालायची ते सरकवून दाखवलं. मशीन आपलं काम करत राहिलं. तेवढ्यात त्यांनी चहा केला. ती एक पेन ड्राइव्ह फोनला लावून, कप हातात घेऊन त्यातली प्रत चाळत बसली होती. एकदम खुदकन हसली आणि मोठ्यानं वाचलं, "पाला तुपला, पर लुगडं मपलं हाय, सोड."

दिनकररावांच्या हातातली बशी थांबली. ते वाक्य ते स्वतः कितीदा वाचत, पण त्यांच्या जाड, घासलेल्या आवाजात. बाईच्या तोंडून ते या घरात पहिल्यांदा एकोणनव्वद साली बोललं गेलं होतं, आणि आता.

"आणखी वाचू?" तिनं विचारलं.

"नको," ते म्हणाले. मग म्हणाले, "गाडी चुकेल तुझी."

एक पेन ड्राइव्ह तिनं जिंतूरला न्यायचा असं ठरलं. दुसरा त्यांनी सरजाबाईच्या पितळी डब्यात, तिच्या जोडव्यांशेजारी ठेवला. फाटकाशी धम्मशीला म्हणाली, "काका, फोन आला की उचलत जा." ते म्हणाले, उचलीन. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते उभे होते. वळल्यावरही थोडा वेळ उभे राहिले, कारण आत जाऊन करायचं काही नव्हतं.

दिवेलागणीला त्यांनी दिवा लावला, मशीन सुरू केलं. त्यानं विचारलं, कोणाकडं जायचं. ते नव्या बिऱ्हाडात गेले. सगळं वेगळ्या जागी होतं, रंग वेगळे होते, पण फाइल उघडली तेव्हा चार रकाने तसेच होते. दहा ओळी वाचायच्या म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि तिथंच त्यांना दुसरं काहीतरी आठवलं. काल सकाळपासून कानात बसलेला एक शब्द. घर पारुसं.

न झाडलेलं, पहाटेचं पाणी न लागलेलं घर. हा शब्दही आईचाच. त्यांनी तो शोधायच्या चौकटीत लिहिला. 'आढळला नाही.' वेगळ्या तऱ्हेनं लिहून पाहिला. आढळला नाही.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात सरजाबाईच्या तोंडून तो कधी निघाला नव्हता. निघणार कसा? तिचं घर एक दिवसही पारुसं राहिलं नव्हतं.

शेजारच्या टीव्हीचा आवाज येत होता. मग सर्वांत खाली जाऊन दिनकररावांनी तीन वर्षांनी पहिल्यांदा नवी ओळ लिहिली. क्रमांक दोन हजार आठशे सतरा. शब्द : पारुसं. अर्थ लिहिला. वाक्य लिहिलं : 'दिस कासराभर वर आला तरी घर पारुसंच.' तारीख घातली, आणि थांबले. हे वाक्य सरजाबाईचं नव्हतं. बायनाबाईचं होतं. तक्त्यात ते सांगायला जागाच नव्हती, कारण आजवर कधी लागली नव्हती.

त्यांनी पाचवा रकाना आखला. वर लिहिलं : 'कोणी म्हटलं'. सर्वांत खालच्या ओळीत लिहिलं, बायनाबाई.

आता वरच्या दोन हजार आठशे सोळा जागा कोऱ्या दिसायला लागल्या. पहिल्या ओळीत नाव लिहून कोपरा धरून खाली ओढला की सगळा रकाना एका दमात भरतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. क्लासमधल्या पोरींना धम्मशीला पहिल्या आठवड्यात शिकवते.

त्यांनी पहिली ओळ काढली. येरवाळी. आज तरी येरवाळी या. समोर लिहिलं : सरजाबाई दिनकरराव, राहणार बोरी. दुसऱ्या ओळीवर आले. तिथंही पूर्ण लिहिलं. तिसरीवर आले.

दहा ओळी झाल्यावर त्यांनी हिशेब केला. रोज दहा धरल्या तर नऊ महिने आणि काही दिवस. त्यांनी फाइल जतन केली, कव्हर घातलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. झोपायच्या आधी खराटा ओसरीच्या कोपऱ्यातून उचलून दाराशी आणून ठेवला, म्हणजे पहाटे अंधारात शोधावा लागू नये.